बिनइंजिनाचा लष्करी गाडा

मोटारींचा इतिहास लिहिणारांची लेखणी बहुधा इंजिनापाशीं सुरू होते आणि इंजिनापाशींच थांबते. जीप गाडी कोणी आंखली, कोणीं बनविली, तिचें नांव कोठून आलें, यांवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु त्याच जीपच्या मागून धुरळा खात जो दोन चाकांचा लहानसा गाडा ओढला जाई, त्याच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. त्याला इंजिन नाहीं, म्हणून इंजिनाचा क्रमांक नाहीं. हांकणारा नाहीं, म्हणून पराक्रमाची आख्यायिकाहि नाहीं. युद्ध संपल्यावर असा गाडा ज्याच्या हातीं पडला त्यानें त्याची पेटी कापली, चाकें बदललीं, रंग बदलला, आणि अखेर नांवहि बदललें. लष्करांत असतांना तो ट्रेलर होता. शेतावर आला तेव्हां त्याची ट्रॉली झाली. अशा नांव हरवलेल्या गाड्याची मूळ ओळख कशी पटवावी, आणि पटल्यावर त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

माणदेशाच्या संदर्भांत तर तो मुळींच क्षुल्लक नाहीं. सातारा जिल्ह्यांतील माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यांतील आटपाडीचा मुलूख हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेला प्रदेश आहे. पाऊस वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास, आणि तोहि लहरी. माणगंगा नदी दहिवडी, गोंदवलें, म्हसवड या गांवांवरून वाहत जाऊन पुढें भीमेस मिळते; पण वर्षांतील बरेच महिने तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक असते. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळांत म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचें काम हातीं घेण्यांत आलें, तें लोकांच्या हातांना काम आणि पोटाला भाकर मिळावी म्हणूनच. अशा मुलखांत चारा, धान्य आणि पाणी हीं सदैव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं न्यावीं लागतात. ओझें वाहणारा कोणताहि गाडा येथें टाकाऊ ठरत नाहीं. तो मोडतो, त्याच्यांतून दुसरा घडतो, आणि दुसऱ्यांतून तिसरा. जुना लष्करी ट्रेलर ओळखणें येथें अवघड होतें तें याच कारणामुळें.

लष्कराचा गाडा आणि हा प्रदेश यांची ओळख मात्र मोटारीच्या आधींची आहे, आणि ती प्रथम बैलांच्या द्वारें झाली. १८०३ सालीं आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून तुंगभद्रा ओलांडून पुण्यास आला, तो २० एप्रिल रोजीं पोंचला. त्याच्या वेगवान हालचालींचें मोठें श्रेय म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांना दिलें जातें, आणि वेलस्लीनेंहि त्या बैलांची तारीफ केली होती. याच जातीशीं माणदेशच्या खिलार बैलाचें नातें पशुतज्ज्ञ जोडतात. आटपाडी महाल आणि म्हसवड अशा गांवांच्या नांवांवरून खिलारांचे पोटभेद सांगितले जातात, यावरूनच या मुलखाचा त्या जनावराशीं किती निकटचा संबंध आहे तें कळून येईल. पांढराशुभ्र, आखूड केसांचा, मागें वळलेल्या लांब शिंगांचा हा बैल चालीला चपळ आणि उन्हाला चिवट. तोफेचा गाडा असो कीं धान्याचा, त्याची गति शेवटीं बैलाच्या पायांवर ठरत असे, आणि ते पाय माणदेशच्या माळावर तयार होत.

पुढें इंग्रजी अमदानींत हिंदी लष्करानें स्वतःचा एक ठराविक गाडा पुष्कळ वर्षें वापरला. ‘आर्मी ट्रान्सपोर्ट कार्ट’ हें त्याचें सरकारी नांव. शिपायांच्या तोंडीं तो ‘ए. टी. कार्ट’ झाला. लहान, बसका, दोन चाकांचा, मधोमध एक दांडी आणि तिच्या दोहों बाजूंस एकेक खेचर. हा गाडा ओळखण्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे त्याला कमानी, म्हणजे स्प्रिंगा, नव्हत्या. आंस थेट पेटीच्या सांगाड्याला बांधलेला. त्यामुळें तो सहसा मोडत नसे, आणि मोडलाच तर गांवचा लोहारहि त्याची दुरुस्ती करूं शके. १९१४ सालीं हिंदी फौजा फ्रान्समध्यें उतरल्या तेव्हां हे गाडे त्यांच्याबरोबर गेले, आणि तेथील चिखलांत जड युरोपीय गाड्यांपेक्षां ते सोईचे वाटले. १९१५ सालीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरहि हिंदी खेचरांच्या तुकड्या होत्या.

परंतु जो गुण दारूगोळा वाहतांना कामास येतो तोच जखमी माणूस वाहतांना शाप ठरतो, हें मेसोपोटेमियांत दिसून आलें. नोव्हेंबर १९१५ मध्यें बगदादच्या वाटेवर टेसिफन येथें जनरल टाउनशेंडच्या सैन्याची तुर्कांशीं मोठी लढाई झाली. या सैन्याचा गाभा म्हणजे सहावी, अर्थात् पुणें डिव्हिजन. आणि तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्हा हा या पलटणींच्या भरतीचा एक प्रमुख जिल्हा. लढाईंत हजारों माणसें जखमी झालीं आणि रुग्णवाहिका जवळजवळ नव्हत्याच. तेव्हां त्याच बिनस्प्रिंगाच्या ए. टी. कार्टांत जखमींना घालून खडबडीत वाळवंटांतून मैल न् मैल नदीकाठीं आणण्यांत आलें. हाडें मोडलेल्या माणसांना प्रत्येक दगड कसा जाणवला असेल याचें वर्णन करण्याची जरूर नाहीं. या हलाखीची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. एका गाड्याला स्प्रिंग नसणें ही बाब कारखानदाराच्या वहींत एका ओळीची असते. परंतु सातारकडच्या किती घरांना तिची किंमत मोजावी लागली असेल, याचा हिशेब त्या वहींत सांपडत नाहीं.

पंचवीस वर्षांनीं दुसरें महायुद्ध आलें आणि खेचरांच्या जोडीला जीप आली. जीपचा पहिला नमुना बनविणारी अमेरिकन बँटम ही पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवची छोटी कंपनी. तिनें सप्टेंबर १९४० मध्यें आपला नमुना सैन्यापुढें हजर केला. पण मोठालीं कंत्राटें मिळालीं तीं विलीस आणि फोर्ड या बड्या कंपन्यांना. बँटमच्या वांट्याला आलें तें मुख्यतः जीपमागचें ट्रेलर बनविण्याचें काम! ज्यानें घोडा शोधला त्याच्या हातीं अखेर गाडाच राहिला. बँटमच्या ट्रेलरास ‘टी-३’ आणि टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँड कंपनीच्या ट्रेलरास ‘एम. बी. टी.’ अशीं नांवें आहेत. दोन्हीं मिळून एक लाखाहून अधिक गाडे युद्धकाळांत बाहेर पडले. युरोपपासून ब्रह्मदेशापर्यंत जेथें जेथें जीप गेली, तेथें तेथें तिच्या मागोमाग हे गेले.

आतां समजा, माणदेशांतील एखाद्या वस्तीवर बाभळीखालीं गंजलेला दुचाकी गाडा पडलेला आहे. तो युद्धकाळचा जीप-ट्रेलर आहे कीं कोण्या कारखान्यांत मागाहून जुळविलेली साधी ट्रॉली आहे, हें कशावरून ठरवावें? येथें एक नियम ध्यानीं ठेवण्याजोगा आहे. नव्या मालकाला जें बदलण्याचें कारण पडत नाहीं, तेथेंच जुनी ओळख टिकून राहते. रंग, चाकें, फळ्या, दिवे हीं सर्व बदलतात. सांगाडा सहसा बदलत नाहीं. म्हणून पाहणाऱ्यानें प्रथम खालीं वांकावें. जीप-ट्रेलराच्या दोन्ही लोखंडी तुळया पुढच्या बाजूस एकमेकींकडे झुकत जाऊन नाकाशीं मिळतात, आणि त्या टोकाला एक जाड वाटोळें कडें बसविलेलें असतें. जीपच्या मागील आंकड्यांत हेंच कडें अडकत असे, आणि जोडीला सुरक्षिततेच्या दोन सांखळ्या असत. शेतकी ट्रॉलीला असें कडें नसतें. तिला ट्रॅक्टरची खीळ बसेल असा भोकाचा चपटा दांडा असतो. कडें कापून दांडा जोडला असेल तर सांध्याचा डाग तुळयांच्या टोकाशीं दिसलाच पाहिजे. त्याच्या मागें खालीं एक घडीचा लोखंडी पाय असतो. जीप सुटली म्हणजे गाडा त्यावर उभा राही. पाय गेला असला तरी त्याची बिजागरी बहुधा शिल्लक असते. पुढच्या अंगास हातानें ओढण्याच्या ब्रेकची दांडी असे. तीहि पुष्कळदां नाहींशी होते, परंतु तिच्या बैठकीचीं भोकें बुजविण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

मग पेटी पाहावी. मूळ पेटी आंतून सुमारें सहा फूट लांब, तीन फुटांहून थोडी रुंद आणि दीड फूट खोल अशी असते, आणि तिला मागें दार नसतें. हें महत्त्वाचें आहे. नदीनाले ओलांडतांना हा गाडा नावेप्रमाणें तरंगावा म्हणून पेटी चोहोंकडून बंद केलेली होती, आणि आंत सांचलेलें पाणी काढण्यासाठीं तळाला बुचांचीं दोन भोकें ठेविलेलीं होतीं. शेतावर मात्र खत किंवा माती उतरावयाची तर मागें दार हवेंच. म्हणून मागील पत्रा कापून बिजागऱ्या लावणें हा जीप-ट्रेलरांतील अत्यंत स्वाभाविक बदल होय. मागें दार आहे म्हणून गाडा लष्करी नव्हे, असा तर्क करणारा फसतो; त्या दाराच्या कडा कारखान्याच्या यंत्रावर वळविलेल्या आहेत कीं गांवच्या भात्यावर, हें पाहिलें पाहिजे. पेटीच्या बाहेरील अंगास ताडपत्रीची दोरी अडकविण्याचे लहान आंकडे ओळीनें असतात, तेहि उपयोगी पडतात. चाकें जीपचींच, सोळा इंची, पांच बोल्टांचीं. दोन चाकांमधील अंतरहि जीपच्या चाकांइतकेंच, जेणेंकरून ट्रेलर जीपच्याच चाकोरींतून जावा. बैलगाड्यांच्या चाकोरींचा अनुभव असलेल्या माणसाला यांतील शहाणपण सांगावें लागत नाहीं.

आणि शेवटीं आंस. येथें स्प्रिंगा आहेत, आणि धक्के शोषणारे नळकांडेहि आहेत. टेसिफन आणि ब्रह्मदेश यांच्यामधील अंतर तीस वर्षांचें. गाड्याच्या बांधणींत तें या एका ठिकाणीं स्पष्ट दिसतें. मार्च १९४४ मध्यें संगशाकच्या लढाईंत जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. त्या आघाडीवरील डोंगरी वाटांवर खेचरें आणि जीप दोन्हीं राबत होतीं, आणि जखमी माणूस नेण्यासाठीं जीपचा उपयोग आतां सर्रास होऊं लागला होता.

रंगाच्या थरांखालीं अंक सांपडला तर फारच उत्तम. अमेरिकन सैन्याच्या नोंदणींत ट्रेलरांचे क्रमांक शून्यानें सुरू होत, आणि ब्रिटिश पद्धतींत ट्रेलराच्या क्रमांकामागें ‘एक्स’ हें अक्षर असे. बाणाचें चिन्ह हें ब्रिटिश सरकारी मालाचें. अर्थात् एकाच गाड्यावर या सर्व खुणा एकावर एक सांपडणेंहि शक्य आहे, कारण अमेरिकेनें पुरविलेला माल ब्रिटिश आणि हिंदी दलांनीं वापरला. कारखान्याचा धातूचा पट्टा जागेवर असल्यास वाद उरत नाहीं; पण नेमका तोच पट्टा सर्वांआधीं नाहींसा होतो.

सारखेपणामुळें फसण्याचे प्रसंगहि आहेत. युद्धानंतर अमेरिकेंत याच गाड्याची सुधारलेली आवृत्ति ‘एम-१००’ या नांवानें निघाली. तिचा चेहरामोहरा जवळजवळ तोच. टायर मात्र अधिक जाड आणि वीज सहा व्होल्टांऐवजीं चोवीस व्होल्टांची. त्यानंतरच्या ‘एम-४१६’ चीं चाकांवरील पंखें सरळ, कोनदार आहेत, जुन्यासारखीं वाटोळीं नाहींत. इकडे मुंबईंत महिंद्र कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीप जुळविण्यास आरंभ केल्यावर जीप आणि तिचे सुटे भाग हिंदुस्थानांतच मिळूं लागले. त्यामुळें जीपचें चाक दिसलें म्हणजे युद्धकाळ सिद्ध झाला, असें मुळींच नव्हे. अलीकडे तर परदेशांत हौशी लोकांसाठीं जुन्या नमुन्याच्या हुबेहूब नव्या पेट्याहि बनवितात.

जीप-ट्रेलराहून मोठा भाऊ म्हणजे एक टनी ट्रेलर. मिलवॉकी येथील बेन-हर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी आणि इतर अनेक कारखाने तो बनवीत, आणि त्या एका कंपनीवरून सगळ्याच गाड्यांना ‘बेन-हर’ हें टोपणनांव पडलें. (ज्या कादंबरींतील रथांची शर्यत जगप्रसिद्ध झाली तिचेंच नांव या मुकाट ओझेवाहू गाड्यास मिळावें, हा योगायोग गमतीचा खरा.) याचीं चाकें वीस इंची, लष्करी मालमोटारीचीं. याच जातीचा एक प्रकार पाणी वाहण्यासाठीं होता: दोन चाकांवर अडीचशें अमेरिकन गॅलनांची, म्हणजे साडेनऊशें लिटरांच्या आसपासची टांकी. रणभूमीवर सैनिकाला गोळीइतकीच तहानेची भीति असते, हें ओळखून ही योजना झाली होती. दुष्काळी मुलखांतील मनुष्याला हा गाडा कशासाठीं आहे तें विचारावें लागणार नाहीं. बाकी सर्व लष्करी गाड्यांपेक्षां त्याला तोच प्रथम कळेल.

मे १९४६ मध्यें अमेरिका आणि हिंदुस्थान सरकार यांच्यांत युद्धकालीन देण्याघेण्याचा करार झाला आणि येथें पडलेलें अमेरिकन सामान हिंदुस्थान सरकारच्या ताब्यांत आलें. कांहीं लष्करानें ठेविलें, कांहीं विक्रीस काढलें. लिलावांत व्यापारी जीप घेत, मालमोटारी घेत. ट्रेलरांना मात्र गाडा म्हणून जितकी किंमत येई तितकीच त्यांतील आंस, चाकें आणि पत्रा यांनाहि येई. याच सुमारास बैलगाडीचेंहि रूप पालटत होतें. रबरी टायरांची बैलगाडी महायुद्धापूर्वींच हिंदुस्थानांत आली होती. लांकडी आरे आणि लोखंडी धांव यांच्या जागीं मोटारीचा जुना आंस व झिजलेले टायर बसवून केलेली टायरगाडी पुढें साखर कारखान्यांच्या पट्ट्यांत सर्वत्र दिसूं लागली. माणदेशांतून ऊसतोडणीसाठीं बाहेर पडणाऱ्या कुटुंबांनाहि ती चांगलीच परिचित आहे. म्हणजे पहा: खेचरांच्या गाड्याची जागा मोटारीच्या ट्रेलरानें घेतली, आणि मोटारीचा आंस पुन्हां बैलांच्या जुंवामागें आला. इतिहास नेहमीं एकाच दिशेनें चालतो असें मानणारांनीं ही टायरगाडी एकदां अवश्य पाहावी.

येथेंच खरा वाद उत्पन्न होतो. जुन्या लष्करी वाहनांचा शौक असलेली मंडळी असा गाडा हातीं आला कीं त्याचें मागील दार काढतात, जोडलेला दांडा कापतात, टांकीच्या बैठकीचे कोन उडवितात, सगळा रंग जाळून काढतात आणि त्यावर फिक्कट हिरवा लष्करी रंग देऊन पांढरा तारा काढतात. गाडा १९४३ सालीं कारखान्यांतून निघाला त्या दिवशींसारखा दिसूं लागतो. हा हेतु निंद्य नव्हे. कांहीं नमुने अशा स्वरूपांत राहणें इष्टच आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि तेथें यंत्रें मूळ रूपांत पाहावयास मिळतात तें योग्यच आहे. परंतु रणगाड्याचें आयुष्य बहुतांशीं रणांगणावरचें असतें. ट्रेलराचें तसें नाहीं. लष्करांत त्यानें कदाचित् तीन-चार वर्षें काढलीं असतील, आणि नंतरचीं तीस-चाळीस वर्षें शेणखत, कडबा, दगड आणि पाणी वाहण्यांत. मग त्याचें मूळ रूप कोणतें म्हणावयाचें? जें दार एखाद्या गांवच्या लोहारानें कापलें, तेंहि एक लेखच आहे. तो पुसून टाकल्यावर जो गाडा उरतो, तो अमेरिकेंत कोठेंहि मिळतो. माणदेशचा गाडा मात्र त्याबरोबर संपतो.

व्यवहारतः यांतून मार्ग निघूं शकतो. गंज खात पडलेला गाडा आहे तसाच राखणें सर्वांनाच शक्य नसतें, आणि वापरांतील गाडा संग्रहासाठीं मागणें तर अन्यायाचेंच. परंतु रंगाला हात लावण्यापूर्वीं एका कोपऱ्यांतील थर खरवडून त्यांचा क्रम टिपून ठेवावा. कापाकापीपूर्वीं चारी बाजूंनीं आणि खालून छायाचित्रें घ्यावींत. तुळयांवरील ठोकलेले अंक ओल्या खडूनें उठवून उतरून घ्यावेत. आणि नोंदणीचें पुस्तक असेल तर त्यांतील सांगाड्याचा क्रमांक गाड्यावरील अंकांशीं ताडून पाहावा. गांवांतील वृद्ध माणसाला तो गाडा कोठून आला, कोणत्या सालीं त्यावर टांकी चढली, हें विचारून लिहून ठेवण्यास तर पैसाहि लागत नाहीं. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेलीं माणसें अजून आहेत, आणि त्यांना कोणत्या गाड्यानें पाणी आणलें तें बहुधा पक्कें स्मरतें.

आजहि उन्हाळा कडक लागला म्हणजे माणमधील वाड्यावस्त्यांवर टँकर सुरू होतात. ट्रॅक्टरमागें दोन किंवा चार चाकांवर पत्र्याची टांकी, तळाशीं तोटी, पुढें खिळीचा दांडा. तें सर्व सामान हल्लीं नव्यानेंच घडवितात, आणि त्यांत लष्कराचा संबंध शोधणें व्यर्थ होय. पण त्यांच्या गर्दींत एखादा गाडा असा निघाला कीं ज्याच्या तुळया नाकाशीं जुळतात आणि ज्याच्या टोकाला जाड वाटोळें कडें आहे, तर तो भंगारवाल्याच्या कांट्यावर चढण्याआधीं कोणीतरी खालीं वांकून पाहण्यासारखा आहे.